नऊ लाखांचे घर

मुक्ताईनगरातून कोणत्याही बाजूने बाहेर पडा. बऱ्हाणपूरचा रस्ता धरा, बोदवडचा धरा, नाहीतर तरसोद-चिखली टप्पा चौपदरी झाल्यापासून ऐसपैस झालेल्या महामार्गाच्या कडेने भुसावळच्या दिशेने चालू लागा. काही वर्षांपूर्वीपर्यंत जिथे कपाशी आणि केळी उभी असायची त्या काळ्या रानात आता मुरमाचे रस्ते आखलेले दिसतात, क्रमांक रंगवलेले सिमेंटचे बुटके खांब दिसतात आणि दर्शनी भागी एखाद्या देवाच्या नाहीतर संताच्या नावाची कमान दिसते. कमानीतून आत जावे तर गाजरगवत, बाभळीची रोपटी आणि शुकशुकाट. सबंध लेआऊटमध्ये घर म्हणावे असे बहुधा एकच बांधकाम असते, राखणदाराची पत्र्याची खोली.

आमच्याकडे प्लॉटला ‘पलाट’ म्हणतात आणि तो राहण्यासाठी घ्यायचा असतो हे लोक जवळजवळ विसरून गेले आहेत. पलाट मुलीच्या लग्नासाठी घेतात, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी घेतात, केळीला एखाद्या वर्षी चांगला भाव मिळाला म्हणून घेतात, महामार्गात शेत गेले त्याचा मोबदला बँकेत पडून आहे म्हणून घेतात. पुण्याला किंवा सुरतेला स्थायिक झालेला मुलगा गावाशी नाते राहावे म्हणून घेतो. यात गैर काही नाही. सोन्यासारखीच ती एक बचत आहे. फरक एवढाच की आपण सोने कपाटात ठेवले म्हणून शेजाऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर महाग होत नाही.

त्याच गावात, या पलाटांपासून तीन-चार फर्लांगांवर, जुन्या वस्तीतल्या दुमजली घरांच्या मागच्या खोल्यांत तरुण कुटुंबे भाड्याने राहतात. बाहेरून लोखंडी जिना, वर एक खोली, अर्धेमुर्धे स्वयंपाकघर, मोरी सामाईक. नवरा-बायको, एक मूल, बहुधा मुलाची आजी. अकरा महिन्यांचा करार संपत आला की दर वर्षी धाकधूक. ही माणसे गरीब नव्हेत. निदान सरकारी यादीतली गरीब नव्हेत. दोघांपैकी एक, कधी दोघेही कमावतात. आतापर्यंत आपले घर व्हायला हवे होते असे त्यांना मनापासून वाटते, आणि ते का झाले नाही याचे कारण ती स्वतःतच शोधत बसतात. आपण उधळे आहोत, आपल्याला व्यवहार कळत नाही, इत्यादी. कारण तिथे नाही. ते कुठे आहे याचा आज हिशेब मांडायचा आहे. उभी नोकरी बँकेत इतरांच्या घरांची प्रकरणे तपासण्यात गेल्यामुळे आकडेमोडीची सवय अजून सुटलेली नाही; वाचकांनी थोडी सहन करावी.

उदाहरणादाखल प्राथमिक शाळेतला एक शिक्षणसेवक घेऊ. राज्य सरकारने २०२३ च्या जानेवारीपासून त्याचे मानधन ६,००० रुपयांवरून १६,००० रुपये केले. (सहा हजारांच्या काळात त्याने घराचा विचार करावा अशी अपेक्षा करणे हा विनोदच होता.) तीन वर्षांनी तो नियमित वेतनश्रेणीत जाईल, ही त्याची जमेची बाजू. पण कृषी सेवा केंद्राचे काउंटर सांभाळणारा, पेट्रोल पंपाचा हिशेबनीस, कंत्राटी परिचारिका, मोबाइल दुरुस्तीचा गाळा चालवणारा, यांचे उत्पन्न साधारण तेवढेच आणि पुढची खात्री काहीच नाही. तालुक्याच्या गावात पहिले घर घेऊ पाहणारा माणूस हा असा असतो.

सोळा हजारांतून घरखर्च भागवून हा माणूस महिन्याला फार तर ७,००० रुपये हप्ता भरू शकेल. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीवर लाखामागे हप्ता पडतो सुमारे ८६८ रुपये. म्हणजे त्याला कर्ज झेपते आठ लाखांचे. लग्नातले, आईच्या बांगड्यांचे, भिशीचे मिळून एक लाख रुपये जवळचे धरले तर त्याचे घर नऊ लाखांत बसले पाहिजे.

आता नऊ लाखांचे घर कागदावर बांधून पाहू. जमिनीचा भाव चौरस फुटाला ६०० रुपये आणि साध्या बांधकामाचा १,८०० रुपये धरू. (हे भाव उदाहरणापुरते आहेत. रस्त्याकाठचा भाव निराळा, आतला निराळा, आणि सौदापावती किती हातांतून फिरून आली आहे त्यावर तिसराच.) ४५० चौरस फुटांची जागा घेतली तर तिचे झाले २ लाख ७० हजार. तिच्यावर ३५० चौरस फुटांचे घर, म्हणजे बैठकीची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास आणि पुढे पाय सोडून बसण्यापुरता ओटा, याचे झाले ६ लाख ३० हजार. बेरीज बरोबर नऊ लाख.

म्हणजे हिशेबात हे घर आहे, गावात ते नाही. कारण गावात साडेचारशे फुटांचा रीतसर प्लॉटच मिळत नाही. मिळतो तो दीड हजार फुटांचा, दोन हजार फुटांचा. त्याच भावाने दीड हजार फुटांच्या नुसत्या जागेचेच नऊ लाख होतात. एवढ्या जागेवर निदान सहाशे फूट तरी बांधावे म्हटले तर आणखी १० लाख ८० हजार. खर्च वीस लाखांपर्यंत गेला, मुद्रांक आणि नोंदणी वेगळी. त्यासाठी अठरा लाखांचे कर्ज काढायचे तर हप्ता येतो १५,६०० रुपयांच्या वर. आपल्या शिक्षणसेवकाचे सबंध मानधन तिकडे गेले. त्याच्या ऐपतीत बसतो तो फक्त पलाट आणि त्यावरचे गाजरगवत.

लहान प्लॉट का मिळत नाही, हा या विषयाचा गाभा आहे आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

शेतजमिनीचे फार बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून आपल्याकडे १९४७ सालचा तुकडेबंदीचा कायदा आहे. शेती टिकावी हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच होता. २०२३ साली प्रमाणभूत क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांसाठी बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे ठरवण्यात आले. त्याहून लहान तुकडा विकायचा तर जमीन आधी बिगरशेती करावी लागते, रेखांकन मंजूर करून घ्यावे लागते, रस्ते सोडावे लागतात, मोकळी जागा सोडावी लागते. हे सगळे करण्याची ताकद ज्याच्याजवळ असते तो काही धर्मादाय संस्था चालवीत नसतो. साडेचारशे फुटांचे प्लॉट पाडले तर रस्त्यात जास्त जागा जाते, चौपट गिऱ्हाइके शोधावी लागतात, चौपट खरेदीखते करावी लागतात. आणि गुंतवणूक म्हणून घेणारा माणूस एवढ्या लहान तुकड्याकडे ढुंकून पाहत नाही. मग लेआऊटवाल्याने ते का करावे?

दुसरी वाट अर्थातच आहे, आणि हजारो लोक तिने गेले आहेत. एखादा शेतकरी गावालगतच्या शेताचा एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. कधी दोघे मिळून तो गुंठा घेतात आणि मध्ये भिंत घालतात. जागा परवडते. पण सात-बाऱ्यावर नाव लागत नाही, बांधकामाची परवानगी मिळत नाही, आणि बँक अशा कागदाला हातही लावीत नाही. सावकाराकडून, पतपेढीकडून, सासऱ्यांकडून पैसे गोळा करून घर उभे राहते आणि मालक जन्मभर ‘हे नियमित केव्हा होणार’ या प्रश्नाचे उत्तर शोधत राहतो. सरकारने अशा वस्त्यांसाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा केला. तो आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांना लागू होता, २०२१ साली ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. २०२५ मध्ये तुकडेबंदी शिथिल करून १ जानेवारी २०२५ पूर्वीचे रहिवासी भागातले एक गुंठ्यापर्यंतचे व्यवहार नियमित करण्याचे धोरण सरकारने विधिमंडळात जाहीर केले. ज्यांचे पैसे अडकले त्यांना दिलासा मिळाला तर आनंदच आहे. पण लक्षात घ्या, तारीख दर वेळी मागची असते. कालच्या लहान तुकड्याला माफी मिळते. उद्या पहिले घर घेणाऱ्याला रीतसर लहान तुकडा कुठे मिळेल, ते कोणताच कायदा सांगत नाही. जे कायदेशीर आहे ते त्याला परवडत नाही आणि परवडते ते कायदेशीर नसते, हीच त्याची कोंडी आहे.

असे नेहमीच होते काय? माझ्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल, खानदेशातले जुने धाब्याचे घर एकदम बांधले जात नसे. ते वाढत असे. आधी एक खण, सागाच्या नाहीतर बाभळीच्या लाकडांवर मातीचे धाबे. पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर खारी माती पसरायची. थोरल्याचे लग्न ठरले की मागे एक खोली काढायची. धाकट्याच्या वेळी पुढच्या ओट्याला पत्रे टाकून तो आत घ्यायचा. पुढे विटा आल्या, मग स्लॅब आला, तरी ही रीत बरीच वर्षे टिकली. घर म्हणजे वीस वर्षांचे काम असायचे आणि पहिल्या वर्षी त्याला फार थोडा पैसा लागायचा.

मी बँकेत लागलो तेव्हा जिल्ह्यात गावोगावी शिक्षक कॉलन्या, एस.टी. कॉलन्या, पोस्टाच्या लोकांच्या कॉलन्या उभ्या राहत होत्या. वीस-पंचवीस नोकरदारांनी एकत्र येऊन गृहनिर्माण संस्था काढायची, गावाबाहेर स्वस्तात शेत घ्यायचे, सारखे भाग पाडायचे. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत, दीपनगरच्या वीज केंद्राच्या किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत दोन खोल्यांत आयुष्य काढलेला माणूस निवृत्तीच्या पैशात दोनच खोल्या बांधायचा, कारण दोन खोल्यांत संसार होतो हे त्याने अनुभवलेले असे. नव्वदच्या दशकात व्याजाचा दर आजच्याहून कितीतरी चढा होता. तरीही घरे झाली. माझ्या टेबलावरून गेलेल्या त्या काळच्या प्रकरणांत जागेची किंमत एकूण खर्चाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाच्या पुढे क्वचित जाई. आज अर्धी रक्कम जमिनीतच जिरते, आणि व्याज दोन टक्क्यांनी उतरले म्हणून हा खड्डा भरून येत नाही.

याहून मागे गेलो तर एक मोठी बोलकी नोंद सापडते. १८१९ साली खानदेशात इंग्रजांचा अंमल नुकता बसला होता. कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे करायचे ठरवले आणि नवे धुळे वसवायला घेतले. बऱ्हाणपूर आणि इतर ठिकाणच्या व्यापाऱ्यांना त्याने वस्तीला बोलावले. घरासाठीच्या जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या आणि पक्की घरे बांधण्यासाठी जुन्या रहिवाशांना नि नव्यांना पैसे आगाऊ दिले. परक्या सरकारचा यात स्वार्थ होता हे उघड आहे. पण गाव वसवायचे तर जागा राहणाऱ्याच्या हाती पडली पाहिजे आणि तिच्यावर घर उभे राहिले पाहिजे, इतके त्या लष्करी माणसाला समजत होते.

आता आमच्या जातभाईंकडे, म्हणजे बँकांकडे वळू. रिझर्व्ह बँकेचे नियम या बाबतीत वाईट नाहीत. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. दहा लाखांपर्यंतच्या घरासाठी मुद्रांक आणि नोंदणीचा खर्चही त्या किमतीत धरण्याची मुभा २०१५ साली दिली गेली. ज्याने तो नियम लिहिला त्याच्या डोळ्यांपुढे नऊ लाखांचे घर असले पाहिजे. पण शाखेत काय होते? आठ लाखांचे प्रकरण असो वा ऐंशी लाखांचे, टायटल सर्च तेवढाच, मूल्यांकनाचा अहवाल तेवढाच, जोते, लिंटेल, स्लॅब अशा प्रत्येक हप्त्याला जागेवर जाऊन पाहणे तेवढेच. शाखाधिकाऱ्याचे उद्दिष्ट मात्र कोटींत ठरलेले असते. दहा लहान प्रकरणे करण्यापेक्षा त्याने एक मोठे करावे हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. शिवाय खोली-खोलीने वाढणारे घर बँकेच्या फॉर्ममध्ये कुठेच बसत नाही. मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण घर ठरल्या मुदतीत झालेच पाहिजे.

ज्याच्याकडे पगाराची चिठ्ठी नाही त्याच्यासाठी गेल्या दहा-पंधरा वर्षांत लहान गृहवित्त कंपन्या पुढे आल्या. त्या मोबाइल दुरुस्तीवाल्याची रोजची उलाढाल पाहून कर्ज देतात, हे चांगलेच. पण जोखीम म्हणून व्याज घेतात बारा-तेरा टक्के, कधी त्याहूनही वर. तेरा टक्क्यांनी लाखाचा हप्ता होतो १,१७२ रुपये. त्याच सात हजारांत कर्ज मिळते सहा लाखांचे. ज्याचे उत्पन्न डळमळीत त्याचेच घर दोन लाखांनी लहान होते.

सरकारच्या योजनांचे काय, असा प्रश्न येथे कुणीही विचारील. २०१५ पासून पंतप्रधान आवास योजना आहे, आणि तिच्यातून गावोगावी घरे झाली आहेत हे डोळ्यांना दिसते. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुक्ताईनगरची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, २०१८ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. शहरी भागात स्वतः घर बांधणाऱ्याला या योजनेतून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये मिळत आले. पण स्वतः घर बांधणाऱ्याला आधी स्वतःची जागा लागते! ज्याचे वडिलोपार्जित पडके घर आहे त्याचे पक्के झाले. जो नोकरीसाठी दुसऱ्या तालुक्यातून आला, ज्याच्या वाट्याला भावांच्या वाटणीत काही आले नाही, त्याच्यापर्यंत हे अडीच लाख पोचतच नाहीत. खेड्यांत जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. तीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आधी ५० हजार मिळत, नंतर ती मर्यादा एक लाख झाली. शहरी नकाशात गेलेल्या गावाला तिचा उपयोग नाही. कर्जावरच्या व्याजात सवलत देणारी जुनी योजना अल्प उत्पन्न गटासाठी मार्च २०२२ मध्ये थांबली. २०२४ च्या सप्टेंबरपासून सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर चार टक्क्यांची सवलत आहे, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत. आठ लाख! आपल्या शिक्षणसेवकाचाच आकडा. सवलत तयार आहे, कर्जाची मर्यादा जुळते आहे, नियम जुळतो आहे. विकत घ्यायला घर तेवढे नाही.

दिल्लीच्या नजरेत मात्र ‘परवडणारे घर’ वेगळेच आहे. २०१९ च्या एप्रिलपासून ज्या घराला एक टक्का जीएसटी लागतो, त्याची कमाल किंमत ४५ लाख रुपये ठरवली आहे. महानगरांबाहेर त्याचे क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत चालते. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाने दुसरे घरही स्वतःच्या वापराचे मानून त्याच्यावरचा काल्पनिक भाड्याचा कर उठवला. ज्याला पहिले नाही त्याच्यापेक्षा ज्याला दुसरे आहे त्याची आठवण दिल्लीला लवकर होते. मोठ्या शहरांतही हेच चालले आहे. ‘ॲनारॉक’ या सल्लागार संस्थेच्या आकड्यांनुसार देशातल्या सात मोठ्या शहरांत विकल्या गेलेल्या घरांपैकी चाळीस लाखांच्या आतली घरे २०१९ साली ३८ टक्क्यांच्या आसपास होती, २०२४ साली ती १८ टक्क्यांवर आली. १९७७ सालच्या ‘घरौंदा’ चित्रपटातले तरुण जोडपे घरासाठी वणवण फिरते ते मुंबईत. तेव्हा आम्ही तो पाहून हळहळलो आणि आपण मुंबईत नाही याचे समाधान मानून घरी आलो. ती वणवण आता तालुक्याच्या गावाला आली आहे.

मग सरकारनेच लहान घरे बांधून विकावीत, असे म्हणावे तर आमच्या जिल्ह्यात लोक लगेच जळगावच्या घरकुलांची आठवण काढतात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जळगाव नगरपालिकेने शहराच्या कडेला हजारो लहान घरे बांधायला काढली. पूर्ण झाली ती जेमतेम दीड हजार. २००६ साली फिर्याद दाखल झाली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवले. पुढे अपिले झाली. त्या प्रकरणाचा राजकीय काथ्याकूट वृत्तपत्रांतून भरपूर झाला आहे, तो येथे नको. मला त्यातली वेगळीच गोष्ट खुपते. लहान घरांची एवढी मोठी कल्पना जिल्ह्यात एकदाच पुढे आली आणि ती अशी बदनाम झाली की त्यानंतर घरकुल या शब्दापुढे लोक ‘घोटाळा’ हाच शब्द जोडू लागले. नव्या योजनेवर सही करताना कोणत्या अधिकाऱ्याचा हात थरथरणार नाही?

घरे बांधण्याऐवजी लहान जागाच द्याव्यात, हा मार्ग मात्र आपल्याच राज्यात करून झालेला आहे. १९८५ साली जागतिक बँकेच्या मदतीने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात म्हाडाने कांदिवलीजवळ चारकोपला, बोरिवलीजवळ गोराईला रस्ते, पाणी, गटारे आधी केली आणि पंचवीस, तीस, चाळीस चौरस मीटरचे भूखंड लहान लहान संस्थांना दिले. चाळीस चौरस मीटर म्हणजे सुमारे ४३० चौरस फूट. लोकांनी आपापल्या ऐपतीने खोली बांधली, वर्षांनी वर मजला चढवला. आज त्या वस्त्या पाहा. तिथे शाळा आहेत, बाजार आहेत, दारापुढे तुळशी आहेत. बिघाडही झाला. कित्येक मूळ मालक विकून निघून गेले आणि आज तिथे घर घेणे आपल्या शिक्षणसेवकाच्या स्वप्नातही बसणार नाही. पण साडेचारशे फुटांच्या आतला कायदेशीर तुकडा देता येतो, एवढे तरी सिद्ध झाले.

अमेरिकेतही युद्धानंतर हेच झाले होते. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाऊनमध्ये १९४७ पासून परतलेल्या सैनिकांसाठी साडेसातशे-आठशे चौरस फुटांची हजारो घरे उठली, सरकारी हमीच्या कर्जावर. (काळ्या लोकांना तिथे प्रवेश नव्हता, हेही सांगितले पाहिजे.) आता त्या देशात एवढी लहान नवी घरे फारशी कुणी बांधत नाही आणि तिथली तरुण मुलेही आपल्यासारखीच तक्रार करतात.

तक्रारीत थोडा वाटा मात्र आपला स्वतःचाही आहे. आपल्याकडे पहिले घर हेच शेवटचे घर असते. लहान घर घ्यावे, आठ-दहा वर्षांनी विकून थोडे मोठे घ्यावे, ही चाल आपल्या अंगवळणी पडलेली नाही. प्रत्येक खरेदीला मुद्रांक मोजावा लागतो हे एक कारण. ‘घर विकले’ हा शब्द आपल्या कानाला दिवाळखोरीसारखा लागतो हे दुसरे. म्हणून तिसाव्या वर्षी दोन खोल्यांत सुरुवात करण्याऐवजी माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी चार खोल्या होतील या आशेवर भाडे भरत राहतो. मुलीकडचे लोक स्थळ पाहायला येतात तेव्हाही ‘घर केवढे आहे’ असे विचारतात. ‘घर स्वतःचे आहे ना’ हा प्रश्न नंतरचा. रो-हाऊस बांधणारे ओळखीचे एक गृहस्थ मला म्हणाले, “साहेब, मी वन-रूम-किचन बांधीन हो, पण घ्यायला येणाराच म्हणतो, पाहुणे आले तर झोपवायचे कुठे?” त्यांच्या सोयीचे उत्तर होते, हे मान्य, पण खोटे नव्हते. ज्या संतकवयित्रीच्या नावाने आमचे गाव ओळखले जाते, तिने भावाच्या मिटलेल्या दारापुढे उभे राहून जे अभंग म्हटले ते दार ताटीचे, म्हणजे झोपडीचे होते. वर्षानुवर्षे वारी करणाऱ्या आमच्यासारख्यांना पाचशे फुटांत कमीपणा वाटतो, ही आमची प्रगती!

तरी पण लोकांची मने बदलायची वाट पाहत बसण्याचे कारण नाही; काही गोष्टी नियमानेच होतात. नवे मोठे रेखांकन मंजूर करताना त्यातला काही भाग दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी तीस ते पन्नास चौरस मीटरच्या प्लॉटांचा ठेवावा, हा नियम राज्याने २०१३ साली आणला. चार हजार चौरस मीटरपासूनच्या लेआऊटमध्ये वीस टक्के. उत्तम नियम आहे. पण तो केला दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महापालिकांसाठी. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या आसपास होते, धुळे पावणेचार लाखांच्या. सबंध खानदेशात हा नियम लागू व्हावा असे एकही शहर नाही! जिथे जमीन आधीच हाताबाहेर गेली तिथे नियम आहे, आणि जिथे ती अजून मुरमाच्या रस्त्यांनी आखली जात आहे तिथे नाही. नगरपंचायतींनाही तो लागू करायला फार मोठा खर्च येणार नाही. चार हजार मीटरचा लेआऊट आमच्याकडे रोजचाच आहे.

दुसरे असे की, बिगरशेतीच्या जुन्या आदेशांत वर्षाच्या आत त्या वापराला सुरुवात करण्याची अट घातलेली असे. ती कुणी पाळली नाही आणि कुणी विचारलेही नाही. रीतसर प्लॉट दहा वर्षे मोकळा ठेवणाऱ्याकडून बांधलेल्या घराहून जास्त कर घ्यायला हरकत काय? नाराजी होईल, खरे आहे. पलाटवाल्यांत नगरसेवकही असतात आणि निवृत्त बँक अधिकारीही.

शहराचा विकास आराखडा तयार होतो तेव्हा त्याचे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, त्यासाठी ठरावीक मुदत असते, लोकांची सुनावणीही होते. नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लागतो. पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे गर्दी होते ती आपल्या सर्व्हे नंबरवर पिवळा रंग आला की हिरवा, हे पाहणाऱ्यांची. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचा त्या नकाशात सर्व्हे नंबर नसतो, म्हणून तो तिकडे फिरकत नाही. हरकत घ्यायला सात-बारा लागत नाही. साध्या कागदावर अर्ज केला तरी तो घ्यावाच लागतो आणि त्याची पोचही मिळते.